जुना क्रिकेटचा गेम डबल क्लिक केला की काहीच होत नाही, एररही येत नाही (विंडोज ११)

जुळे_सोलापूर

नमस्कार. प्रश्न माझ्या सासऱ्यांच्या कॉम्प्युटरचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आमचे आप्पा कापडाच्या गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. दुपारचं जेवण झालं की ते क्रिकेटचा एक जुना गेम खेळत बसतात. २००० नंतरच्या दशकातला, डीव्हीडीवर आलेला. माझ्या नवऱ्यानं कॉलेजात असताना नवी पेठेतल्या दुकानातून घेतला होता. आप्पा फक्त कसोटी सामना लावतात. रोज थोडा थोडा खेळतात, त्यामुळे एक सामना त्यांना आठवडाभर सहज पुरतो. उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते, तेव्हा तर हा गेम म्हणजे त्यांची हक्काची जागा.

जुना कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर होता. मध्यंतरी लाइट कमी-जास्त झाली आणि मागच्या डब्यातून धूर आला. मदरबोर्डही गेला म्हणाले. म्हणून नवीन डेस्कटॉप बांधून घेतला. आय थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून माझ्या मुलीनं सगळं विंडोज मराठीत करून दिलं. स्टार्ट मेनू, सेटिंग, सगळं मराठी. याचा त्यांना इतका आनंद झालाय की काय सांगू. कॉम्प्युटर बंद करताना आता कुणाला हाक मारत नाहीत, स्वतः वाचून बंद करतात.

आता अडचण. गेम नीट इन्स्टॉल होतो. आयकॉन येतो. डबल क्लिक केलं की ते गोल चक्र क्षणभर फिरतं आणि थांबतं. खिडकी उघडत नाही, काळा स्क्रीन येत नाही, एरर नाही. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर गेमचं नाव यादीत येतं आणि लगेच गायब होतं.

हे करून झालंय: रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, कंपॅटिबिलिटीमध्ये एक्सपी सर्व्हिस पॅक ३, गेम काढून परत टाकणं, डायरेक्टएक्सचं (गेमच्या ग्राफिक्सला लागणारं) जून २०१० वालं पॅकेज, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद. काही फरक नाही.

कृपया ‘नवीन गेम घ्या’ असं सांगू नका. मुलीनं एक नवा दाखवला होता. आप्पांनी पाहिला, छान आहे म्हणाले आणि उठून गेले. त्यांचा हात त्या जुन्या गेमच्या बटणांवर बसलाय. रोज मी कामावरून आले की विचारतात, ‘झालं का गं काही त्याचं?’

---

बार्शी_लाइट

ताई, माझा अंदाज सेफडिस्कवर आहे. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कवर कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं संरक्षण असायचं. त्यासाठी विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटमध्ये व्हिस्टा, ७ आणि ८ मध्येही बंद केला. तेव्हापासून असे कितीतरी गेम मूळ डिस्क असूनही उघडत नाहीत. तसं असेल तर दोनच सरळ रस्ते: कंपनीनं नंतर काढलेली डिजिटल आवृत्ती घेणं, नाहीतर एक्सपीचं जुनं मशीन इंटरनेट न जोडता फक्त गेमसाठी ठेवणं.

---

होटगी_नाका

डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल, मिसिंग असणार. नेटवर डीएलएलच्या साइट आहेत, तिथून डायरेक्टएक्सच्या डी३डीएक्स९ नावाच्या सगळ्या फायली उतरवा आणि विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाका. माझा एक रेसिंगचा गेम असाच चालू झाला होता.

---

जुळे_सोलापूर

दोघांचेही आभार. बार्शीवाले दादा, सेफडिस्कचं वाचून मुलीनं एक करून पाहिलं, ते लिहायलाच हवं. तीच डीव्हीडी, तोच बाहेरून लावायचा ड्राइव्ह, तिच्या लॅपटॉपला जोडला. तिच्याकडेही विंडोज ११ च आहे. तिथं गेम पहिल्या फटक्यात उघडला! आप्पांनी उभ्या उभ्या दोन षटकं खेळूनही घेतली. मग त्यांच्याच कॉम्प्युटरवर काय बिघडलंय?

---

सात_रस्ता

ताई, मुलीनं फार कामाचं केलं. निम्मं निदान तिथंच झालं.

मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच करतो. आमच्याकडे येणाऱ्या मशीन म्हणजे बहुतेक धूळ, उष्णता आणि वर-खाली होणारी लाइट. पूर्व भागातून, जिथं शेजारी यंत्रमाग चालतात तिथून आलेला डबा उघडला तर पंख्यावर सुताच्या बारीक कचऱ्याचा थर असतो. पण तुमचं मशीन नवं आहे आणि बाकी सगळं चालतंय, त्यामुळे हार्डवेअर सध्या बाजूला ठेवू.

तीच डिस्क, तेच विंडोज, दुसऱ्या मशीनवर गेम चालतो. म्हणजे सेफडिस्क बाद. बार्शीवाल्यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती अडचण असती तर लॅपटॉपवरही गेम उघडला नसता. डिस्क खराब असण्याचा प्रश्नही मिटला. आता दोन मशीनमध्ये वेगळं काय आहे तेवढंच शोधायचं.

होटगी नाकावाले भाऊ, राग मानू नका, पण तो सल्ला कुणी अमलात आणू नये. डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून उचललेली फाइल कुणी बदललेली आहे का, कुठल्या आवृत्तीची आहे, काही पत्ता नसतो. ३२ बिटची फाइल ६४ बिटच्या जागी पडली की आणखी एक नवा एरर सुरू होतो, ज्याच्या क्रमांकाच्या शेवटी ७बी असतं तो. डी३डीएक्स९ च्या २४ पासून ४३ पर्यंतच्या सगळ्या फायली मायक्रोसॉफ्टच्या जून २०१० च्या पॅकेजमध्ये आहेत आणि ताईंनी ते आधीच टाकलंय. शिवाय डीएलएल नसेल तर विंडोज बहुतेक वेळा फाइलचं नाव घेऊन सांगतं. इथं तर सगळी शांतता आहे.

ही शांतताच मला महत्त्वाची वाटते. आधी एक तपासा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, इंग्रजीत ‘इव्हेंटव्हीडब्ल्यूआर’ टाइप करून एंटर मारा, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची नोंदवही, उघडेल. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. मराठी विंडोजमध्ये नावं मराठीत दिसतील, जागा त्याच आहेत. मग गेमवर डबल क्लिक करा, यादी रिफ्रेश करा आणि त्या मिनिटाला लाल खुणेची १००० क्रमांकाची नोंद आली का पाहा.

नोंद आली असेल तर गेम कोसळतोय, आणि कुठल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कुठल्या फाइलमध्ये कोसळला त्याचं नाव तिथं लिहिलेलं असेल. नोंद नसेल तर गेम कोसळत नाही, तो स्वतःहून बाहेर पडतोय. दोन्ही प्रकार दिसायला सारखे, पण औषध अगदी वेगळं.

---

जुळे_सोलापूर

दादा, पाहिलं. त्या मिनिटाला गेमची एकही नोंद नाही. १००० क्रमांकाची कसलीच नाही.

---

सात_रस्ता

मग गेम स्वतःहून जातोय. आप्पांना सांगायचं तर असं: ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला एक धागा तुटला की साचा आपोआप थांबतो, तो काही साच्याचा बिघाड नव्हे. आपल्याला तुटलेला धागा शोधायचाय. गेमनं सुरू होताना विंडोजकडे काहीतरी मागितलं, ते मिळालं नाही, आणि ज्यानं तो लिहिला त्यानं अशा वेळी निरोप द्यायची सोय केली नव्हती, म्हणून तो गुपचूप बंद होतो.

काय मागितलं ते बघायला प्रोसेस मॉनिटर नावाचं साधन आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं, फुकट. त्यांच्याच साइटवरून घ्या, इन्स्टॉल करावं लागत नाही. मुलीला हे जमेल:

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फिल्टरमध्ये ‘प्रोसेस नेम’ निवडून पुढे गेमच्या एक्झी फाइलचं नाव टाका आणि इन्क्लूड करा. मग गेमवर डबल क्लिक. तो गायब झाला की लगेच कॅप्चर थांबवा, नाहीतर यादी वाढत राहते. हजारो ओळी येतील. त्यात ‘नेम नॉट फाउंड’ असं शेकडो वेळा दिसेल, त्याला घाबरू नका. प्रोग्रॅम एकच फाइल चार ठिकाणी शोधतो, तीन ठिकाणी नसते, ते नेहमीचंच आहे. तुम्ही तळाशी जा, ‘प्रोसेस एक्झिट’ ही ओळ शोधा आणि तिथून वर वर वाचत या. बाहेर पडायच्या जरा आधी कुठला दरवाजा बंद मिळाला, तेवढंच हवं.

आणि एक प्रश्न. आप्पांच्या कॉम्प्युटरवर लॉगिनचं नाव काय आहे? मराठीत लिहिलंय का?

---

जुळे_सोलापूर

हो, मराठीत आहे. मुलीनं खातं तयार करतानाच ‘आप्पा’ असं नाव दिलं. चालू केलं की मोठ्या अक्षरात ‘आप्पा’ दिसतं.

मुलीनं प्रोसेस मॉनिटर चालवला. प्रोसेस एक्झिटच्या थोडं वर सारख्याच दोन-तीन ओळी आहेत. रिझल्टच्या रकान्यात ‘नेम इन्व्हॅलिड’. आणि पाथमध्ये सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग डॉक्युमेंट्स. ती विचारतेय, पाच प्रश्नचिन्हं नावाचं फोल्डर तर आपल्याकडे नाहीच, मग गेम ते का शोधतोय?

---

सात_रस्ता

सापडलं. तुमच्या मुलीनं शोधलं, तिला माझी शाबासकी सांगा.

ती पाच प्रश्नचिन्हं म्हणजेच ‘आप्पा’. आपल्याला ती दोन अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरमध्ये ती पाच चिन्हं असतात: आ, प, हलन्ताची खूण, पुन्हा प, आणि काना. प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह आलंय.

असं का झालं ते सांगतो, कारण ही भानगड मराठी माणसाच्या वाट्याला जास्त येते आणि कुणी नीट सांगत नाही. विंडोज आतून फायलींची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच मोठ्या यादीत ठेवतं. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, आणि विंडोज २००० पासून विंडोजला मराठी कळतं. त्यामुळे ‘आप्पा’ नावाचं फोल्डर बनवण्यात विंडोजला काही अडचण आली नाही. पण प्रोग्रॅमनं विंडोजशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. एक युनिकोडची आणि एक जुनी, जिला एएनएसआय म्हणतात. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच छोटी अक्षरांची यादी वापरता येते, तिला कोड पेज म्हणतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये युनिकोडचा मार्ग जवळपास नव्हताच, म्हणून तेव्हाच्या प्रोग्रॅमवाल्यांच्या हाताला जुनीच पद्धत बसली आणि एक्सपी आल्यावरही अनेकांनी तीच चालू ठेवली.

रशियन, ग्रीक, अरबी, थाई यांच्यासाठी विंडोजमध्ये तसली कोड पेज आहेत. म्हणून रशियातला माणूस विंडोजची सिस्टिम भाषा रशियन ठेवतो आणि त्याचा जुना प्रोग्रॅम रशियन नावाचं फोल्डर उघडतो. देवनागरीला त्या जुन्या पद्धतीत विंडोजनं जागाच ठेवली नाही. मराठी, हिंदी, तमिळ या भाषा विंडोजमध्ये फक्त युनिकोडमधूनच येतात. जुन्या प्रोग्रॅमनं ‘माझं फोल्डर कुठंय’ विचारलं की विंडोज उत्तर त्याच्या छोट्या यादीत बसवायला जातं, अक्षर सापडत नाही, तिथं प्रश्नचिन्ह टाकतं. आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाही. म्हणून ‘नेम इन्व्हॅलिड’. गेमला आपली सेटिंग ठेवायचं फोल्डर बनवता येईना, तो निघून गेला.

इन्स्टॉल नीट झालं, कारण गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसला. त्या वाटेत आप्पांचं नाव येत नाही. आणि मुलीचा लॅपटॉप बहुधा ईमेल टाकून सुरू केला असेल. तसं केलं की विंडोज फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं देतं, आणि ती इंग्रजीच असतात. युजर्स फोल्डर उघडून बघा.

आता दुकानात अशी केस आली की बरेच जण एकच सांगतात: मराठी काढा, सगळं इंग्रजी करा. मला ते पटत नाही. आप्पा मराठी वाचून स्वतः मशीन चालवतायत, ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं काही कारण नाही. मुलीनं मराठी नाव दिलं ते योग्यच केलं. आपल्याला फक्त फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत हवंय. पडद्यावर ‘आप्पा’च राहील.

नुसतं खात्याचं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही, हे आधी लक्षात घ्या. फोल्डर पहिल्या लॉगिनला बनतं आणि त्याच नावाचं राहतं. आपण याचाच फायदा घ्यायचा.

आधी कंट्रोल पॅनेलमधून, युजर अकाउंट्समध्ये जाऊन, आत्ताच्या खात्याचं नाव बदलून ‘जुने’ करा. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समधून नवं खातं. ते ईमेल मागेल. ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडायचा पर्याय येतो. तिथं नाव इंग्रजी लिपीत टाका, जागा न सोडता: ए, पी, पी, ए. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. बाहेर पडून त्या नव्या खात्यात एकदा लॉगिन करा, युजर्समध्ये इंग्रजी नावाचं फोल्डर तयार झालं का ते डोळ्यांनी बघा. मग परत कंट्रोल पॅनेलमधून याच नव्या खात्याचं नाव मराठीत ‘आप्पा’ करा. फोल्डर इंग्रजीच राहतं, चालू केल्यावर दिसतं ते मराठी.

नव्या खात्यात भाषा पुन्हा इंग्रजी दिसू शकते, कारण विंडोजची भाषा प्रत्येक खात्याला वेगळी असते. टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी वर आणा, एकदा साइन आउट करा. मराठीचा पॅक मशीनवर आधीच आहे.

फोटो, कागदपत्रं जुन्या खात्याच्या फोल्डरमधून नव्यात कॉपी करा. जुनं खातं लगेच उडवू नका. महिनाभर राहू द्या, काही राहिलंय का ते कळतं.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत जाऊन फोल्डरचं नाव जबरदस्तीनं बदलायचे व्हिडिओ बघायला मिळतील. तो मार्ग घेऊ नका. एक नोंद चुकली तर विंडोज तात्पुरत्या खात्यात उघडतं आणि घरातले सगळे घाबरतात.

---

बार्शी_लाइट

उत्तम. माझा सेफडिस्कचा अंदाज लॅपटॉपनं बाद केला तेच बरं झालं, ताईंना एक्सपीचं मशीन शोधत फिरावं लागलं असतं.

एक विचारतो. विंडोजमध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर सिस्टिम लोकेल बदलायच्या ठिकाणी एक चौकोन असतो, ‘यूटीएफ-८ वापरा’ (युनिकोड साठवायची एक पद्धत) असा, सोबत बीटा, म्हणजे अजून चाचणीत, असं लिहिलेलं. त्याला टिक केलं तर जुन्या पद्धतीतही देवनागरी चालायला हवी ना? नवं खातं करायची गरज नाही.

---

सात_रस्ता

चालायला हवी, आणि काही प्रोग्रॅममध्ये चालतेही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मी ती टिक घरच्या मशीनवर पहिला उपाय म्हणून देत नाही. ती एका गेमपुरती नसते, सगळ्या मशीनला लागू होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं होतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून लिहिलेले जुने प्रोग्रॅम तिथं गडबडतात. ‘आप्पा’ची पाच चिन्हं पंधरा बाइट होतात.

दुसरं, आपल्याकडे अजून कितीतरी लोकांचं काम जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, इंग्रजी कोड पेजच्या वरच्या जागा वापरून मराठी दाखवतात. ही टिक केल्यावर तसला मजकूर जुन्या प्रोग्रॅममध्ये विचित्र दिसायला लागू शकतो. डीटीपीवाल्याच्या मशीनवर ही टिक करणाऱ्यानं आधी दहा वेळा विचार करावा. आप्पांकडे तसं काही नसेल, तरी स्वच्छ रस्ता असताना हा कशाला घ्यायचा?

तिसरा एक मार्ग आहे, डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅबवरून ते फोल्डरच डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाखाली हलवायचं. कधी कधी तेवढ्यानं भागतं. पण तात्पुरत्या फायलींची वाट तरीही ‘आप्पा’मधूनच जाते, आणि उद्या दुसरा प्रोग्रॅम तिथं अडकतो. म्हणून खातंच नवं केलेलं बरं.

---

जुळे_सोलापूर

चालू झाला!!

काल रात्री मुलीनं तुम्ही लिहिलेल्या क्रमानं सगळं केलं. युजर्समध्ये इंग्रजी फोल्डर, पडद्यावर मराठीत आप्पा. तिच्या लॅपटॉपवर पाहिलं तर खरंच ईमेलची पहिली पाच अक्षरं होती. भाषा इंग्रजी झाली होती, ती परत मराठी केली. गेमला हात लावलाच नाही, तो तसाच उघडला. आप्पा झोपले होते, त्यांना उठवलं नाही. सकाळी चहा घ्यायच्या आधीच जाऊन बसले. आता त्यांचा आग्रह आहे की तुमच्या घरी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोचवायची, म्हणून मला पत्ता विचारायला सांगितलंय. इथं लिहू नका, पण निरोप पोचवला.

एकच राहिलंय. त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक मालिका अर्धी खेळून ठेवली होती. त्या हार्ड डिस्कमधून ते काढता येईल का? मशीन जळलं, पण डिस्क मी फेकलेली नाही.

---

सात_रस्ता

आप्पांना नमस्कार सांगा. चटणीचा निरोप मिळाला, पोट भरलं.

डिस्क ठेवलीत हे फार चांगलं केलंत. डबा जळला तरी पुष्कळदा डिस्क वाचलेली असते. आधी तिच्या मागचा जोड बघा. लांब, दोन ओळींत सुया असतील तर ती आयडीई आहे. छोटा, चपटा, एल आकाराचा खाचा असेल तर साटा. त्याप्रमाणे यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर मिळतं. साडेतीन इंची डिस्क असेल तर सोबत वीज द्यायचा वेगळा अडॅप्टर असलेलंच घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. डिस्कच्या हिरव्या पट्टीवर जळल्याची काळी खूण किंवा वास असेल तर घरी जोडू नका, दाखवून घ्या. जोडल्यावर टकटक आवाज आला तरी लगेच काढा.

एक्सपीमध्ये युजर्स नावाचं फोल्डर नव्हतं. डिस्क उघडली की ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ दिसेल, त्यात तेव्हाच्या खात्याचं नाव, त्यात माय डॉक्युमेंट्स, आणि तिथं गेमच्या नावाचं फोल्डर. उघडताना परवानगी नाही म्हणेल, ‘कंटिन्यू’ दाबा, थोडा वेळ लागतो. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ विचारत असेल तर काहीही झालं तरी ‘नाही’.

गेम बंद ठेवून, नव्या मशीनवर गेमनं बनवलेलं त्याच नावाचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. मग जुन्यातल्या फक्त सेव्ह केलेल्या फायली नव्यात टाका. सेटिंगची फाइल जुनी आणू नका, तिच्यात जुन्या ग्राफिक्स कार्डाची नोंद असू शकते आणि गेम पुन्हा उघडायचा थांबेल.

आणि एक स्टॅबिलायझर किंवा यूपीएस घ्या. नव्या मशीनचीही तीच लाइट आहे.

---

होटगी_नाका

सात रस्तावाले दादा, राग नाही मानला. उलट एक विचारायचंय. माझ्या चुलत्यांच्या दुकानात बिलं करायचा एक जुना प्रोग्रॅम आहे. नवीन मशीन आल्यापासून बिल तयार होतं, पण प्रिंट दिलं की प्रोग्रॅम बंद पडतो. त्यांच्या लॉगिनचं नाव मराठीत दुकानाच्या नावावर आहे. हेच असेल का?

---

सात_रस्ता

असू शकतं. काही प्रोग्रॅम छापायच्या आधी तात्पुरती फाइल बनवतात आणि ती खात्याच्या फोल्डरमध्येच जाते. पण अंदाजावर खातं बदलू नका. आधी इव्हेंट व्ह्यूअर, मग प्रोसेस मॉनिटर, ताईंच्या मुलीनं केलं तसंच. पाथमध्ये प्रश्नचिन्हं आणि ‘नेम इन्व्हॅलिड’ दिसलं तर वर लिहिलेलंच करा. नाही दिसलं तर प्रिंटरचा ड्रायव्हर बघू, आणि त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, प्रिंटरचं मॉडेल लिहून. काही करायच्या आधी बिलांच्या डेटाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून चुलत्यांच्या हातात द्या.